हरळीवरचे जोडे

त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून सकाळीच बायका आल्या होत्या. आमच्या घरापुढे हरळीचं मोठं अंगण आहे. बुलढाण्यातले अंमलदार त्याला लॉन म्हणत, बाबा नुसतं गवत म्हणत, आणि शेजारच्या बायकांच्या लेखी ती दूर्वांची जागा होती. दर चतुर्थीला त्या चपला फाटकाबाहेर काढून आत येत आणि उकिडव्या बसून तीन पानांचे कोवळे शेंडे खुडत. फुलोऱ्याला आलेली दूर्वा देवाला चालत नाही, त्यामुळे कोवळा शेंडा त्या सोडत नसत आणि अर्ध्या अंगणाची छाटणी त्यांच्या बोटांनीच होऊन जाई. उरलेलं बाबा विळ्याने कापत. रोज एक पट्टा. दव ओसरलं की बसायचं, चार बोटं गवत राखून कापायचं आणि मागे मागे सरकायचं. कापलेलं गवत अंबूबाईच्या गाईला जाई. त्या गाईचं शेण कुजलं की पावसाळ्याच्या तोंडावर ते अंगणात परत येई. न्हाणीचं पाणी एका दांडाने फिरून हिवाळा-उन्हाळा गवतावर जाई. यंत्र नाही, विकतचं खत नाही, माळी नाही.

बाबांनी हे निसर्गाच्या प्रेमापोटी केलं, असं त्यांच्या पश्चात बरेच जण म्हणाले. मला हसू आवरावं लागलं. त्यांनी ते तुच्छतेपोटी केलं होतं.

इंग्रजांच्या वेळी बाबा इथल्या बड्या साहेबाच्या बंगल्यावर कारकून होते. साहेबाची हिरवळ कापायला एक लोखंडी यंत्र होतं. मध्ये वळणदार पात्यांचं चाक आणि मागे जड रूळ. ते बैल ओढी. बैलाच्या खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्याच्यासाठी चामड्याचे चार जोडे शिवून घेतले होते. रोज सकाळी एक गडी ते जोडे बैलाच्या पायांत घाली. तो गडी अनवाणी असे. बाबा कागद घेऊन कडेच्या मुरमावर उभे राहत, कारण हिरवळीवर पाय ठेवायची त्यांना परवानगी नव्हती. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की बैलाच्या जोड्यांना किती भोकं होती, तेसुद्धा मी सांगू शकले असते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी हा लहानसा कौलारू बंगला घेतला, पुढे हरळी लावली आणि एकच नियम केला. गवतावर कोणीही यावं, पण जोडे काढून. मामलेदार असो, डॉक्टर असो, झेडपीचा सभापती असो.

तर त्या दिवशी क्लबाचे चिटणीस वामनराव आले. क्लब म्हणजे साहेबांनी सोडून दिलेली खुर्च्यांची खोली. नवं राज्य आल्यावर तिथे आपली माणसं बसू लागली, आणि साहेबांपेक्षा जास्त ताठ बसू लागली.

"जोडे," बाबा मान वर न करता म्हणाले.

"अं? हो, हो. नाड्या आहेत हो, वेळ लागते."

"लागू द्या. गवत कुठी पयून नाही जात."

वामनराव फाटकाच्या खांबाला धरून एका पायावर उभे राहिले. बायकांनी पदर तोंडाला लावले. नाड्या सुटल्यावर ते भोक पडलेल्या मोज्यांनी आत आले आणि म्हणाले, क्लबाच्या हिरवळीला टक्कल पडलं आहे, थोडी मुळं मिळाली तर बरं.

"साहेबाची मशीन हाय न तुमच्यापाशी?" बाबा म्हणाले. "तिलेच इचारा, गवत काऊन मेलं म्हणून. तिनंच खाल्लं असन."

मुळं मात्र त्यांनी दिली. तुच्छता एकीकडे आणि देणं एकीकडे, हे त्यांना जमत असे. वामनराव मुळांचं ओलं पुडकं घेऊन गेले, तेव्हा अंबूबाई खुडता खुडता बोलली. ही आमची शेजारीण. घरात बैलजोडी, गाय आणि निवृत्ती नावाचा गरीब नवरा. तिघांना ती सारखीच बोलते.

"भाऊजी, तुम्ही लाटसाहेबालेही जोडे काढाले लावसान. पण तुमचा किसना येते, त बुटं वाजवत सरळ गवतावरून जाते. त्याले काऊन नाही म्हणत कधी?"

बाबांचा विळा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"पाहुणा हाय तो," बाबा म्हणाले. "दोन दिवस राह्यते, जाते."

"मंग वामनराव का घरचे हायेत?"

सगळ्या हसल्या. बाबा हसले नाहीत. मी ओट्यावर शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत होते. तो प्रश्न कित्येक वर्षं माझ्या ओठांवर होता. पौषातल्या थंडीत हरळी पायाला सुयांसारखी लागते; तेव्हाही पाणी सोडायला मी अनवाणीच जात आले. आणि किसनदादा, माझा थोरला भाऊ, वर्षातून एकदा मुंबईहून यायचा, ओट्यापर्यंत खाडखाड चालत यायचा, आणि बाबा त्या बुटांकडे न पाहता विचारायचे, "गाडी टायमावर होती का बे?" का, ते मला ठाऊक होतं. तो परत येणारच नाही, अशी त्यांना भीती होती. जी कुठेच जाणार नाही, तिची कोण भीड धरतो?

बायका निघाल्या तेव्हा बाबांनी विळ्याने पूर्वेकडचा पट्टा दाखवला. "तो मी आता कापत नाही. गणपतीच्या दूर्वा तिथून न्या. सगळ्याइले पुरतीन."

संध्याकाळी चंद्र उगवायला उशीर झाला. मी उपास सोडेपर्यंत ते माझ्यासोबत बसून राहिले. विळा धुऊन वळचणीला खोचलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

---

सुतकातल्या घरची दूर्वा कोणी नेत नाही. विळ्याला मीही हात लावला नाही. श्रावणाच्या सरी चालू होत्या आणि गवत मोकाट वाढलं. अस्थी सावडायच्या वेळेपर्यंत किसनदादा पोचला. अग्नी चुलतभावाने दिला होता. दादाने आल्या आल्या विचारलं की ट्रंक कुठे ठेवू. दहाव्याला केस उतरवताना त्याने न्हाव्याकडे दोनदा आरसा मागितला. ही दोन्ही निरीक्षणं क्षुद्र आहेत, हे मला कळतं. पण त्या दिवसांत मला मोठं काही दिसतच नव्हतं.

दादा मुंबईच्या एका खतांच्या कंपनीत आहे. पोत्यात पांढरी साखर असावी तसं ते खत. ते टाकलं की पीक दुप्पट होतं, हे तो बाबांना दरवर्षी समजावी आणि बाबा दरवर्षी "हाव का?" म्हणत. या वेळी तो जेवताना मला म्हणाला, "तेरवीला आमचे साहेब येणार आहेत. मुद्दाम, मुंबईहून."

"बाबांना ते ओळखत होते?"

"तसं नाही. कंपनीला वऱ्हाडात कचेरी पाहिजे. हवा थंड, बंगला ऐसपैस, समोर लॉन. साहेबांना पसंत पडलं तर कचेरी इथेच होईल आणि ती मी सांभाळीन."

"आणि मी?"

"तू काय, एकटी. मुंबईला चल आमच्याकडे. नाहीतर शाळेजवळ खोली बघ. पुस्तकं ठेवायला किती जागा लागते?"

किसनदादाशी मी शाळेतली भाषा बोलते. घरची भाषा बोललं की तो इकडेतिकडे पाहतो. मी त्याच्या ताटात वरण वाढलं. बाबांनी मागे काही लिहून ठेवलं नव्हतं. कागदावर जमिनीची वाटणी करणाऱ्या माणसांनाही ते तुच्छच मानत.

वहिनी पुण्याची. ती ओट्यावरून अंगणाकडे बघून म्हणाली, "अगं बाई, केवढं हे रान! साप असतील यात. आमच्याकडे बागेत माळी यंत्र फिरवतो, कसं गालिच्यासारखं दिसतं."

"वामनरावांना विचारलंय मी," दादा म्हणाला. "क्लबातलं यंत्र देतायत."

"यंत्र कशाला?" मी म्हणाले. "सुतक फिटलंय. विळ्याने मी कापीन. मात्र पूर्वेकडचा पट्टा गणपतीसाठी ठेवायचा आहे. बाबांनी बायकांना शब्द दिलाय."

"विळा!" तो वहिनीकडे बघून हसला. "माणसं चंद्रावर जायला निघालीत आणि आमची ही विळा घेऊन बसलीय."

यंत्र हातगाडीवरून आलं. बंगल्यावरच्या इंग्रज साहेबाचंच ते. इतक्या वर्षांत त्याला नुसता गंज चढला होता, वजन कमी झालं नव्हतं. चामड्याचे जोडे केव्हाच उंदरांनी खाल्ले असावेत. दादाने ते हलवून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे माणसाने ढकलायचं काम नाही, बैल लागेल. त्याने कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे निवृत्तीभाऊ आपल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत होते, आणि अंबूबाई शेजारी उभी राहून बैलांच्या कानांत सांगत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"धष्टपुष्ट आहेत," दादा म्हणाला. "उद्या सकाळी यातलाच एक मागून आणतो."

हा माणूस या मातीत जन्मला. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत याने मातीचे बैल ओढले, खांदेमळणीचं लोणी चोरून खाल्लं, तोरणाखाली धक्के खाल्ले. बैलाच्या खांद्याला हळद लागली म्हणजे उद्या काय आहे, हे नांदुऱ्याला गाडी बदलणारा परका माणूसही सांगू शकेल. मी त्याला काही सांगितलं नाही. ज्याला श्रावणातली अमावास्या आठवत नाही, त्याला ती कोणी सांगावी?

---

सकाळी तो बैल मागायला गेला आणि थोड्याच वेळात लाल होऊन परत आला. त्याच्या मागोमाग अंबूबाई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौकटीला टेकून हसत सुटली.

"अवं माय, रुख्मे! पोयाच्या दिवशी बैल मांगाले आला तुहा भाऊ! आज कोनी बैल वावरात नेत नाही, आन हा म्हणते गवतात जुपा! आमचे हे कोनाले एक शब्द बोलत नाहीत, पण तेही म्हणे, किसनराव, आज बैलाले निवद दाखोतेत, जू नाही दाखोत."

"मग?"

"मंग काय? म्हणते, भाडं देतो. आमचे हे म्हणे, बैलाले इचारा, तो तयार असन त न्या."

दादा गावात आणखी दोन ठिकाणी जाऊन आला. मजूरही मिळाला नाही, सण सगळ्यांनाच होता. पण परवा तेरवी, साहेब येणार, आणि हार मानणं त्याला शिकवलेलं नव्हतं. त्याला बरंच काही शिकवलेलं नव्हतं. त्याने ट्रंकेची दोरी सोडली, यंत्राच्या दोन कड्यांना बांधली आणि स्वतःच्या खांद्यांवरून घेतली. मागे दांडा धरायला वहिनी. पदर खोचून ती मला म्हणाली, "तुम्ही नुसत्या बघत राहणार का?"

"हो," मी म्हणाले.

पावसाने माती मऊ होती. पाय घसरत होते म्हणून त्याने बूट घातले. उंच, ओलं गवत पात्यांत गुरफटायचं, यंत्र अडायचं, तो वाकून बोटांनी गवत उपसायचा आणि पुन्हा दोरीत शिरायचा. मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. रुळाखालून जे बाहेर पडत होतं ते कापलेलं नव्हतं, चावलेलं होतं.

"पूर्वेकडचं राहू दे," मी ओट्यावरून म्हणाले.

"अर्धवट दिसेल," तो धापा टाकत म्हणाला.

दुपारी पोळ्याचे बैल तोरणाकडे निघाले. आमच्या कुंपणाला लागूनच रस्ता आहे. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. निवृत्तीभाऊंची जोडी पुढे होती. कुंपणाच्या आत दोरी खांद्यावर घेतलेला माझा भाऊ दिसला तेव्हा ती सगळी मिरवणूक थांबली. बैलसुद्धा थांबले.

"काऊन हो किसनराव," निवृत्तीभाऊ म्हणाले, "झूल कुठी हाय तुमची?"

"शिंगाले रंग देऊ का? उरला हाय थोडा," मागून कोणी तरी ओरडलं.

"अन् मांगून हाकलून कोन राह्यलं, पाहा न!"

अंबूबाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ती दादाच्या पायांकडे पाहत होती. मग तिने ताट कुंपणाच्या खांबावर टेकवलं आणि डोळे पुसले. "भाऊजी सांगेत तोच! जोडेवाला बैल! मले वाटे, भाऊजी बनोवून सांगतेत."

मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसले. ते हसणं चांगलं नव्हतं, घशात खरवडत आलं, आणि हसता हसता मी वळून आतल्या खोलीकडे पाहिलं, त्यांनी हे पाहिलं का म्हणून. खोलीत त्यांची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

मिरवणूक पुढे गेली. लाज वाटलेला माणूस कोणावर तरी राग काढतो. दादाने गवतावर काढला. पान्याने त्याने पाती खाली केली, इतकी की ती मातीला घासू लागली. पूर्वेकडचा पट्टा त्याने सगळ्यात शेवटी घेतला आणि सगळ्यात खोल घेतला. मग ट्रंकेसोबत मुंबईहून आणलेलं नमुन्याचं पोतं फोडून मुठी भरभरून पांढरं खत फेकलं. बी पेरावं तसंही नाही, अक्षता टाकाव्यात तसं.

"त्याच्यावर पाणी तरी दे," मी म्हणाले.

"मला खत शिकवतेस? परवा बघ, हिरवंगार होईल."

रात्री वहिनी त्याच्या खांद्यांना तेल चोळत होती. अंबूबाई पुरणपोळीचा वानोळा घेऊन आली होती. दारातूनच ते दृश्य पाहून ती मला हळूच म्हणाली, "उलटंच झालं व तुमच्या इथी. खांदेमळन आंधी असते, काम मंग."

---

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. भाद्रपदाचं ऊन पाठ भाजून काढणारं असतं. आधी गवताची टोकं पांढुरकी झाली, मग पट्टे उमटले. जिथे मूठ मोठी पडली तिथे तपकिरी आणि जिथे लहान पडली तिथे पिवळे. तेरवीच्या सकाळी आमचं अंगण एखाद्या वाघाचं कातडं वाळत घालावं तसं दिसत होतं.

साहेब गाडीतून आले. बाबांच्या फोटोला हार घालताना त्यांनी नाव विचारून घेतलं. पंगती मागच्या मांडवात चालू होत्या. जेवण झाल्यावर दादा त्यांना पुढे घेऊन आला. दोघांच्या पायांत बूट होते.

"हे लॉन," दादा म्हणाला. "परवाच आपला डोस दिलाय. जरा कोवळं आहे, उठेल दोन दिवसांत."

साहेबांनी बुटाच्या टोकाने एक जळकं ठिगळ उकरलं. "गावठी गवत आहे हे. काढूनच टाकू. इथे गाडी उभी राहील, त्या बाजूला पाटी. आपलं विलायती गवत लावू, खताचा नमुना म्हणून. लोकांना दिसलं पाहिजे ना?"

"तेच म्हणत होतो मी, साहेब."

मी ओट्यावर पानाचं तबक घेऊन उभी होते. तेवढ्यात फाटकाशी अंबूबाई आणि मागे चारपाच बायका आल्या. परवा चतुर्थी, तेव्हा दूर्वा कधी खुडायला यावं, हे विचारायला आल्या असाव्यात. अंगण त्यांना बाहेरून दिसत होतं. तरी त्यांनी सवयीने चपला काढल्या, आणि अनवाणी आत येऊन कडेला उभ्या राहिल्या. अंबूबाई पूर्वेकडच्या पट्ट्याशी बसली. तिने एक शेंडा चिमटीत धरला. तो मुळासकट हातात आला.

"जयलं व बाई," ती म्हणाली. मग तिने ते जळकं काडं परत मातीत खोचलं आणि वरून माती दाबली.

जन्मभर चेष्टा करणारी ही बाई. तिने चेष्टा केली असती तर मी ओट्यावरच राहिले असते.

तबक खाली ठेवून मी उतरले. कापलेले खुंट तळव्यांना टोचत होते. अंबूबाईच्या शेजारी बसून मी बोटाने माती उकरली. वरचं सगळं मेलेलं होतं. बोटभर खाली पांढऱ्या मुळ्यांचं जाळं होतं, ओलं, आणि एका पेरातून तांदळाच्या कणीएवढा हिरवा डोळा निघालेला होता. बाबा म्हणायचे, हरळीले मारासाठी आदी तिले समजून घ्या लागते. समजून घ्यायचे कष्ट दादाने आयुष्यात कशासाठीच घेतले नव्हते.

"ह्या कोण?" मागे साहेब विचारत होते.

"धाकटी बहीण. शाळेत शिकवते. ती आता आमच्याकडे मुंबईलाच येतेय, त्यामुळे बंगला लगेच मोकळा..."

मी उठले. हातांना माती होती, ती मी पुसली नाही.

"मी कुठी जाऊन नाही राह्यली," मी म्हणाले.

दादाने आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय म्हणाले त्यापेक्षा कोणत्या भाषेत म्हणाले, याचंच त्याला जास्त वाईट वाटलेलं दिसलं. "रुख्मिणी, आपण हे आत बोलू."

"आत काहाले? इथीच बोलू. हे घर मी सोडत नाही, कोनाले देतही नाही. हे गवत दिवाळीपर्यंत पुन्हा उठते. या बाया दूर्वा न्याले इथीच येतीन."

"दुःखात आहे ती," दादा साहेबांना म्हणाला. "बाबांचं फार..."

साहेब चांगले गृहस्थ असावेत, किंवा घाबरट असावेत. ते दोन पावलं मागे सरकले. फाटकाबाहेर ओळीने काढलेल्या चपला त्यांना दिसल्या, बायकांचे पाय दिसले, माझे पाय दिसले. आणि कोणी काही न सांगता ते वाकले आणि नाड्या सोडू लागले.

माझा भाऊ मात्र तसाच उभा होता. जळक्या गवतावर, दोन्ही पाय रोवून. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. एका माणसाने अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं आणि ह्या एकाला सांगितलं नाही, आणि त्या माणसाला मी कधी विचारलं नाही. आता तो फोटोत होता, हाराखाली, आणि त्याला विचारून काही उपयोग नव्हता.

"असं काय बघतेस?" दादा म्हणाला. "लोक पाहतायत."

"पाहू दे," मी म्हणाले. आवाज फाटकापर्यंत गेला. "बाबांनी तुले कधीच नाही म्हटलं. मी म्हणते. जोडे काढ, दादा."